बद्द

आयुष्यभर लोकांची बोलणी कानामागे टाकत आले, तर आता कानामागे मशीनच येऊन बसलं. तेही एका नव्हे, दोन्ही कानांमागे. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी आरसा पुढे धरला आणि म्हणाल्या, "दिसतसुद्धा नाही, बघा." मला तर दिसत होतं. गालाच्या रंगाचं म्हणून दिलेलं ते मशीन माझ्या गालाच्या रंगाचं नव्हतं, कुणाच्याच गालाच्या रंगाचं नसावं.

"बरं आहे," मी म्हटलं आणि दचकून मागे पाहिलं. कुणीतरी रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा आवाज होता. मागे कुणी नव्हतं. तो माझाच आवाज होता, आणि तो बद्द होता.

हा शब्द माझ्यासाठी साधा नाही. मी कपबशांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसते. भट्टीतून निघालेला कप डाव्या हाताच्या बोटांवर उपडा धरायचा, उजव्या हातातल्या लाकडी दांडीनं त्याला हलकेच टोला द्यायचा आणि ऐकायचं. चांगला कप खणखणीत वाजतो, त्याचा आवाज थोडा वेळ रेंगाळतो. केसाएवढी चीर असेल तर ती डोळ्याला दिसत नाही, पण आवाज जागच्या जागी मरतो. तो बद्द. खणखणीत कप उजवीकडे ठेवायचा, बद्द कप डावीकडच्या फोडायच्या पेटीत. एवढंच काम, पण त्याच कामावर माझे केस पांढरे झाले. म्हणून डॉक्टरीणबाई "स्वतःचा आवाज सुरुवातीला तसाच वाटतो, होईल सवय" असं सांगत होत्या, तेव्हा माझ्या मनात एकच चाललं होतं. हा कप डाव्या पेटीतला.

मशीनची आणखी काय काय माहिती त्या देत होत्या. हे बटण आवाज वाढवायला, हे कमी करायला, हे खूप वेळ दाबून धरलं तर गाणी ऐकायला. मी म्हटलं, मला कुठे गाणी ऐकायची आहेत? आणि उठले.

मशीन घ्यायला मला मुलीनं भाग पाडलं. तिनं फोनवर सांगितलं होतं, "आई, ताप आलाय." मला ऐकू आलं, बाप आलाय. मी म्हटलं, "मग बसव की त्यांना, चहा टाक." मुलगी हसली नाही. ती रडली. दुसऱ्या दिवशी ताप उतरल्यावर तिनं ह्यांना फोन करून दवाखान्याची वेळच ठरवून टाकली. ह्यांना म्हणजे माझ्या नवऱ्याला. हे स्वभावानं मवाळ आणि आवाजानं त्याहून मवाळ. गेली काही वर्षं माझ्यापायी घरात ओरडून बोलायला शिकले होते, आणि ते त्यांना अजिबात शोभत नव्हतं.

कारखान्यात मात्र कुणाला पत्ता नव्हता, असं मी धरून चालले होते. माझे कान एका दिवसात गेले नाहीत. कपाचा आवाज आधी लांब गेला, मग भिंतीपलीकडे गेला, मग नुसता टोला ऐकू यायचा आणि त्यानंतर काही नाही. पण हाताला कळत होतं. चांगला कप बोटांत झिणझिणतो, टिचलेला मुका राहतो. निदान मला तसं वाटायचं. वर्षभर मी हातावर निभावून नेलं आणि एक तक्रार आली नाही. उलट टिचलेले कप सापडायचेच कमी झाले होते. मी व्याह्यांना कौतुकानं म्हटलंही, "भट्टी हल्ली फार छान लावता हो."

व्याही म्हणजे आमच्या मुलीचे सासरे. कारखान्याची जुनी भट्टी तेच सांभाळतात. सोयरीक जुळली तीच मुळी कारखान्याच्या आवारात, चहा पिता पिता. तोवर आम्ही एकमेकांवर खुशाल खेकसायचो. नातं जुळलं आणि आमच्या बोलण्याला इस्त्री झाली. ते मला विहीणबाई म्हणू लागले, मी त्यांच्या कपांना नावं ठेवताना आधी घसा खाकरू लागले. माझ्या त्या कौतुकावर ते नुसतं "चाललंय" म्हणाले आणि दुसरीकडे बघू लागले. मला वाटलं, लाजले.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. महिनाभरापूर्वी ह्यांच्या हातात गरम चहाचा कप दुभंगला. कप आमच्याच कारखान्यातला, आमच्या घरात दुसरे असतात कुठे? अंगठा चांगलाच भाजला. मी मलम लावता लावता ह्यांना धारेवर धरलं. हा धांदरटपणा, लक्ष कुठे असतं, असं मी बोलले. हे काहीतरी पुटपुटले. मला ऐकू आलं नाही आणि मीही परत विचारलं नाही.

मशीन घेऊन घरी आले ती संध्याकाळ मी कशी काढली ते माझं मला माहीत. नळ सोडला तर कुणीतरी खडी ओततंय असं वाटलं. ह्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं आणि माझ्या अंगावर काटा आला. माझ्याच जबड्याचा आवाज मला जेवू देईना. हे सवयीनं ओरडले, "कसं वाटतंय?" मी दोन्ही हात कानांवर नेले, तशी मशीननं शिट्टी मारली. ह्यांनी दार उघडून बाहेर कोण आहे ते पाहिलं.

"तुम्ही हळू बोला आता," मी म्हटलं.

"किती हळू?"

"लग्न झालं तेव्हा बोलायचा तेवढं."

त्यावर हे काहीतरी इतकं हळू बोलले की मशीन असूनही मला कळलं नाही. चेष्टा करत होते. मी हसले, पण सकाळी कामावर जायचं होतं.

कामावर आम्ही सगळ्याच बायका डोक्याला रुमाल बांधतो, मातीच्या धुळीसाठी. त्या दिवशी मी रुमाल कानांवरून घट्ट ओढून घेतला. कापड मशीनला घासलं की वाळक्या पाचोळ्यातून कुणी चालतंय असं व्हायचं, आणि मान वळवली की बारीक शिट्टी. मी मान न वळवता आत गेले. भट्टीच्या पंख्याची घरघर, ढकलगाडीची चाकं, पॅकिंगच्या बायकांची कुजबुज, सगळं एकदम अंगावर आलं. कोण कुणाबद्दल बोलतंय हे कळत नव्हतं, त्यामुळे सगळे माझ्याबद्दलच बोलताहेत असं वाटत होतं.

माझ्या टेबलावर एक जुना पांढरा कप असतो. नमुन्याचा कप. रोज सकाळी पहिला टोला त्याला. तो कसा वाजतो ते कानात बसवायचं आणि मग दिवसाचं काम सुरू करायचं. माझ्या आधीच्या बाईनं मला शिकवलं ते हेच. गेल्या वर्षात काही ऐकू येत नव्हतं तरी मी तो टोला चुकवला नव्हता. आणि नेमका त्या दिवशी चुकवला. शेजारची म्हणाली, "आज रुमाल असा का बांधलाय?" मी गडबडले, "सर्दी झालीय" म्हणाले आणि घाईघाईनं समोरच्या पेटीतला पहिला कप उचलला.

टोला दिला. बद्द.

आवाज आला खरा, वर्षभरात आला नव्हता इतका लख्ख आला. पण उमटल्याबरोबर थरथरला आणि मेला. मी कप डावीकडे ठेवला. दुसरा घेतला. बद्द. तिसरा, बद्द. मधूनच एखादा वाजल्यासारखा करायचा आणि शेपटाशी डगमगायचा. बोटांत झिणझिण होती, नेहमीसारखीच. हात म्हणत होता चांगला, कान म्हणत होता टिचका. आता विश्वास कुणावर ठेवायचा? मशीन कालचं आहे, हात जन्माचा आहे. पण मशीनच्या पाठीशी डॉक्टरीणबाई होत्या, हाताच्या पाठीशी मीच.

डावीकडची पेटी भरली. मी दुसरी मागवली. पॅकिंगच्या बायकांच्या हाताला काम उरलं नाही, त्या माझ्याकडे बघू लागल्या. खरा कान आला तर सगळेच कप बद्द निघताहेत, मग वर्षभर मी काय पाठवलं? कुणाकुणाच्या घरी? आणि ही भट्टी कुणाची आहे, हे तर मी मनात येऊच देत नव्हते. नवे साहेब आल्यापासून जुन्या भट्टीवर डोळा ठेवून होते. एकदा माल वाईट निघू दे, की ती भट्टी बंद करतो आणि माणसालाही घरी बसवतो, असं त्यांनी चारचौघांत बोलून दाखवलं होतं. मुलगी माझी, पण ती जेवते त्या घरात. तिच्या सासऱ्यांची भट्टी मी माझ्या हातानं विझवत होते.

साहेब आलेच. पेट्या पाहिल्या, मला काही विचारलं नाही, व्याह्यांना बोलावून घेतलं. व्याही हात पुसत आले. पेटीतला एक कप त्यांनी उचलला, नखानं वाजवला, कपाळाला आठी घातली. मग त्यांनी माझ्या रुमालाकडे पाहिलं.

"विहीणबाई, सगळे असेच?"

"हो," मी म्हटलं. माझा तो पिंपातला आवाज मला पुन्हा ऐकू आला.

व्याही कप पेटीत ठेवून वळले. नंतर साहेबांना म्हणाले, "भट्टी निवायच्या आधी, लवकर उघडली गेली असेल, त्यानं टिचले. माझी चूक." आणि साहेबांच्या मागोमाग केबिनकडे चालू लागले.

व्याह्यांनी भट्टी लवकर उघडली? ज्यांनी घरच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा भट्टी पुरती निवल्याशिवाय दार उघडू दिलं नव्हतं? हातांना काहीतरी चाळा हवा म्हणून मी नमुन्याचा कप पुढे ओढला आणि सवयीनं टोला दिला.

बद्द.

पुन्हा टोला दिला. तीच थरथर, तेच मरणं. हा कप टिचलेला असणं शक्य नव्हतं. तो माझ्याहून धडधाकट होता. म्हणजे कपांत काही नव्हतं. जे काही होतं ते माझ्या कानांत होतं, आणि केबिनमध्ये एक माणूस त्यापायी बोलणी खात उभा होता.

केबिनच्या दारापर्यंत जाईतो मी तीनदा परत फिरायचं ठरवलं. आत जाऊन सांगायचं म्हणजे टेबल सोडायचं, हे काय मला कळत नव्हतं? बहिरी बाई कप वाजवून बघते, ह्यावर तर लहान मूलही हसेल. पण आतून साहेबांचा आवाज आला, "महिनाअखेरीला बंद," आणि मी दार ढकललं.

"कप चांगले आहेत," मी म्हटलं. "माझ्या टेबलावरचा नमुन्याचा कपही मला बद्द वाजतोय."

"म्हणजे?" साहेब म्हणाले.

मी रुमाल सोडला. केस मागे घेतले. मशीननं अशी लांब शिट्टी मारली की साहेबांनी खिशातला फोन काढून पाहिला. कुणी हसलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"कालच बसवलंय," मी म्हटलं. "ह्यातून आवाज वेगळाच येतोय."

"आणि ह्याच्या आधी?" साहेब खुर्चीत पुढे सरकले. "ह्याच्या आधी ऐकू येत होतं?"

मी हाताबद्दल सांगणार होते. झिणझिणीबद्दल, वर्षभरात एकही तक्रार नाही त्याबद्दल. तोंड उघडलंही होतं. पण व्याहीच बोलले, खाली बघत.

"वर्षभर माल त्यांच्याकडे जायच्या आधी मी वाजवून बघत होतो. टिचके मी भट्टीपाशीच काढून टाकायचो. त्यांच्या पेटीत नुसते चांगले जायचे."

साहेब काय म्हणाले ते मी धड ऐकलं नाही, आणि त्यात मशीनचा दोष नव्हता. वर्षभर मी ज्या हाताचा तोरा मिरवला त्या हातात चांगल्याशिवाय काही आलंच नव्हतं. मला रागच आला, खोटं कशाला बोलू. "मला सांगायचं नाही का?" मी व्याह्यांना विचारलं.

"कसं सांगायचं?" ते म्हणाले. "सुनेच्या आईला बहिरी म्हणायचं? घरी जेवायला कुणी वाढलं असतं मला?"

"आणि आजचा माल?"

"आजचा नाही बघितला. सूनबाई म्हणाली, आईला मशीन बसलं. म्हटलं, आता आपली लुडबुड कशाला."

साहेबांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. संध्याकाळपर्यंत सगळा माल दोघांनी मिळून पुन्हा तपासा, म्हणाले. टेबलावर कोण बसेल आणि भट्टी कोण लावेल ते त्यानंतर बघू. त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला कमी भीती वाटली असती.

बाहेर येऊन मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. कपाबद्दल सांगितलं तशा त्या म्हणाल्या, "रेंगाळणारा बारीक आवाज आला की मशीनला वाटतं ही आपलीच शिट्टी आहे. ते तिला दाबायला जातं. गाण्याच्या बटणानं ते थांबतं, दाबलं का?"

गाण्याचं बटण. मी ते दाबून धरलं. कानात टिकटिक झाली. व्याह्यांनी नमुन्याचा कप उपडा धरला आणि दांडीनं टोला दिला.

तो वाजला. खणखणीत वाजला, मग बारीक होत होत लांब गेला, आणि संपला कुठे ते मला सांगता येईना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. व्याही दुसरीकडे बघू लागले. आता मला कळलं, हा माणूस लाजला की नव्हे, अवघडला की दुसरीकडे बघतो.

मग आम्ही बसलो. ते वाजवायचे आणि ठेवायचे, मी ऐकायची. बहुतेक कप चांगलेच होते. काही बद्द निघाले, ते त्यांनी आपण होऊन डावीकडे टाकले. माझा जीव हळूहळू भांड्यात पडत होता. मनात म्हटलंही, टेबल राहतंय बहुतेक.

तेवढ्यात त्यांनी एक कप वाजवला आणि उजवीकडे ठेवला.

"थांबा," मी म्हटलं. "बद्द होता."

त्यांनी पुन्हा वाजवला, कानाशी नेऊन. "चांगला आहे, विहीणबाई. मशीनला अजून सवय नाही."

असेलही. पण शंका आली की शाई लावायची, असा आमच्याकडे नियम आहे; सकाळच्या घाबरगुंडीत तो मला आठवलाच नव्हता. मी फडक्यावर निळी शाई घेतली, कपाच्या पोटावर चोळली आणि ओल्या फडक्यानं पुसली. कपाच्या कानाच्या मुळापासून खालपर्यंत केसासारखी निळी रेघ राहिली.

"एखादा सुटतो," व्याही म्हणाले.

थोड्या वेळानं आणखी एक सुटला. मग आणखी एक. प्रत्येक वेळी कपाच्या कानापाशी तीच निळी रेघ. व्याह्यांचा हात दांडीवर थांबला. ते उभं आयुष्य त्या पंख्याशेजारी उभे राहिले होते, ज्याच्या घरघरीनं मला सकाळी धडकी भरली होती.

"व्याही," मी हळूच म्हटलं, "तुम्हाला ऐकू येतंय ना?"

त्यांनी मान वर केली. "काय?" ते म्हणाले.

तो 'काय' मी ओळखला. गेली काही वर्षं तो माझ्याच तोंडात होता.

मी परत विचारलं नाही. शाईचं फडकं त्यांच्यापुढे सरकवलं आणि दोघांनी मिळून उरलेला माल पाहिला. आता ते वाजवल्यावर कप ठेवत नव्हते. हातात धरून माझ्या तोंडाकडे बघायचे. मी उजवीकडे म्हटलं की उजवीकडे. उद्या साहेबांना काय सांगायचं ते आमच्यापैकी कुणीच काढलं नाही. वर्षभर कारखान्यात कप वाजवणारी माणसं दोन होती आणि ऐकत कुणीच नव्हतं. घरात कप फुटला की माणूस स्वतःलाच बोल लावतो, कारखान्याला कोण विचारतो? म्हणून तक्रार नव्हती.

घरी आले तेव्हा हे चहा घेऊन टेबलाशी बसत होते. मी त्यांच्या हातातून कप काढून घेतला, चहा ओतून दिला, कप उपडा धरला आणि चमच्यानं टोला दिला. वाजला. मग फळीवरचे सगळे कप खाली काढले.

"अगं, काय चाललंय?" हे म्हणाले. हळूच म्हणाले, पण मला ऐकू आलं.

मी त्यांचा अंगठा धरून पाहिला. कातडी अजून गुलाबी होती.

"त्या दिवशी कप फुटला तेव्हा तुम्ही काय पुटपुटलात?"

"तेव्हा ना? म्हटलं, मी नुसता धरला होता गं."

मी चमचा उचलला आणि पुढचा कप हातात घेतला.